ग्लॅडिओलसचे घरचे कंद दुसऱ्या वर्षी दगा का देतात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात दहा गुंठ्यांवर गेल्या ऑक्टोबरात बाहेरून आणलेले कंद लावले. जानेवारीत दांड्याला चौदा-पंधरा फुलं मिळाली. दांडे बुडातून कापले. उन्हाळी भुईमुगासाठी रान मोकळं करायचं होतं म्हणून तीन आठवड्यांत कंद उपटले, दोन दिवस अंगणात उन्हात टाकले आणि बारदानात भरून पत्र्याच्या खोलीत ठेवले. भुईमूग निघाल्यावर जूनमध्ये तेच कंद त्याच रानात परत लावले. शंभरातले चाळीस उगवलेच नाहीत. उगवले त्यांची पानं पिवळी, दांडे बुटके आणि फुलं सहा-सातच. दुकानदार म्हणतो वाण खालावलं, शेजारी म्हणतात युरिया कमी पडला. नवे कंद घ्यावेत की खत वाढवावं, हे तुम्हाला ठरवायचं आहे.

या दोन्हींपैकी काहीही करण्याआधी हातातल्या कंदाकडे बघा. रान न बघता शंभर टक्के निदान करता येत नाही. पिवळेपणाची तीन-चार कारणं असतात आणि तुमच्या रानात त्यातली दोन एकत्रही असू शकतात. पण तुम्ही दिलेल्या तपशिलात मूळ बिघाड दिसतोच. ग्लॅडिओलस हे एकात एक दडलेलं दुहेरी पीक आहे. पहिलं पीक फुलांचं, ते साधारण ६० ते ९० दिवसांत हातात येतं. दुसरं कंदाचं, आणि ते फूल कापल्यावर खऱ्या अर्थानं सुरू होतं. तुम्ही पहिलं पीक घेतलं आणि दुसरं कोवळं असतानाच उपटलं.

आत काय घडतं ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल. आपण लावलेला कंद त्याच हंगामात संपतो. कोंब आणि सुरुवातीची पानं तो स्वतःच्या साठ्यावर वर काढतो आणि हळूहळू रिकामा होतो. त्याच्या डोक्यावर, कोंबाच्या बुडाशी, नवा कंद धरतो. दोघांच्या मधल्या जागेतून बारीक तंतूंवर पिल्लं लोंबतात, वाटाण्याएवढी किंवा त्याहून लहान. एखादं रोप आत्ताच उपटून बघा. खाली चपटा, सुरकुतलेला, तपकिरी जुना कंद आणि त्यावर पांढरट, रसरशीत नवा कंद अशी जोडी स्पष्ट दिसेल. फुलं उमलेपर्यंत रोपाची ताकद मुख्यतः दांड्याकडे जाते. दांडा कापला की पानांनी तयार केलेलं अन्न खाली उतरतं आणि पुढच्या सहा ते आठ आठवड्यांत नवा कंद फुगतो. म्हणजे पुढच्या वर्षी दांड्यावर किती फुलं येणार, याचा पाया या आठवड्यांत घातला जातो. बुडातून दांडा कापला की पानं जातात, आणि तीन आठवड्यांत उपटलं की उरलेला वेळही जातो.

म्हणून जूनमध्ये तुमच्या हातात जे कंद होते ते दिसायला कंद असले तरी आतून अपुरे होते. फुलांसाठी मी ४ ते ५ सेंटिमीटर व्यासाचा कंद धरतो. ३ सेंटिमीटरच्या आतला असेल तर दांडा आखूड, फुलं कमी आणि उशिरा, हे ठरलेलंच. व्यासाबरोबर जाडीही बघा. मधोमध उंच, गोलसर कंद जोमदार असतो. रुंद पण पसरट आणि चपटा कंद मोठा दिसतो, पण जुना झालेला असतो आणि त्याच्यावर फार भिस्त ठेवू नये.

आता न उगवलेले चाळीस टक्के. त्यांच्या जागा अजून ओळीत रिकाम्या दिसत असतील. त्यातल्या वीस-पंचवीस ठिकाणी खुरप्यानं उकरा, कंद काढा, वरचे पापुद्रे सोला आणि धारदार सुरीनं उभे दोन भाग करा. तीनपैकी एक चित्र दिसेल.

पहिलं, कंद हलका, सुरकुतलेला, बोटानं दाबला तर दबणारा, आत चामट पण कुजका नाही. हा कोवळा काढलेला आणि पत्र्याखालच्या उन्हाळ्यात वाळून गेलेला कंद. एप्रिल-मेमध्ये पत्र्याची खोली किती तापते ते तुम्हाला माहीत आहे, आणि पूर्ण न भरलेल्या कंदात तेवढं सोसायला ओलावाच नसतो.

दुसरं, बुडाच्या बाजूला लालसर-तपकिरी खोलगट डाग, आणि कापल्यावर मधल्या गाभ्यातून वर चढत गेलेली तपकिरी रेघ किंवा भुसभुशीत कोरडी कूज. ही मर, म्हणजे फ्युजारियम बुरशीची कंदकूज. असे कंद निम्म्याच्या आसपास निघाले तर तुमची मुख्य अडचण हीच आहे आणि त्या रानात पुढची तीन-चार वर्षं ग्लॅडिओलस नको.

तिसरं, कंद घट्ट, आतून पांढरा-पिवळसर आणि निरोगी, पण कोंब हललेलाच नाही. हा मेलेला नाही, झोपलेला आहे. बुडाच्या कडेला मुळांच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढे उंचवटे दिसतात का बघा. ते फुगलेले असतील आणि वरचा डोळा टोकदार झाला असेल, तर झोप सरली. काहीच हालचाल नसेल, तर अजून वेळ आहे.

या झोपेबद्दल लोकांचा गोंधळ होतो, म्हणून थोडं सविस्तर. ग्लॅडिओलसच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक दक्षिण आफ्रिकेतल्या. आपण दांड्यासाठी लावतो ते संकर आहेत, आणि त्यांच्या पूर्वजांपैकी एक मुख्य जात उन्हाळी पावसाच्या प्रदेशातली. तिथला हिवाळा कोरडा आणि थंड. त्या काळात कंद जमिनीत निजतो आणि थंडी अनुभवून झाली की उठतो. आपल्याकडे काढणीनंतर लगेच उन्हाळा लागतो. उष्णतेनं झोप मोडत नाही, उलट लांबते. म्हणून साध्या खोलीत ठेवलेला कंद तीन महिन्यांत उठेल की चार, हे वाणावर आणि खोलीच्या तापमानावर अवलंबून राहतं, आणि उगवण मागं-पुढं होते. शीतगृहात ३ ते ५ अंश सेल्सिअसला तीन महिने ठेवलेले कंद बाहेर काढल्यावर जवळजवळ एकसाथ उठतात. बाजारासाठी फुलं करणाऱ्याला हे फार महत्त्वाचं, कारण दांडे आठ-दहा दिवसांत एकदम निघाले तरच पेंढ्या नीट बांधता येतात.

आता पिवळेपणा. कोणती पानं पिवळी आहेत आणि कशी, हे बघितल्याशिवाय पोतं फोडू नका. खालची जुनी पानं सारखी फिकी पडत असतील आणि रोप सरळ उभं असेल, तर नत्राची कमतरता म्हणता येईल. वरचं नवं पान पिवळं पण शिरा हिरव्या, असं असेल तर लोह कमी पडतंय. खटाव-माणच्या बाजूच्या आणि कोरेगावच्या पूर्वेकडच्या चुनखडीच्या रानात हे सर्रास दिसतं. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड अशा दोन फवारण्या आठवड्याच्या अंतरानं घेतल्या की फरक कळतो. पण पान टोकाकडून पिवळं होत खाली येत असेल, कोंब एका बाजूला वाकडा झाला असेल, आणि ओळीत मधेमधे असे पुंजके असतील, तर ती मर. अशा रोपाला युरिया देणं म्हणजे रोग वाढवणं. अमोनियाच्या रूपातलं नत्र आणि न कुजलेलं शेण, दोन्हींमुळे फ्युजारियमला जोर चढतो. जूनमध्ये गरम जमीन आणि त्यावर पावसाची ओल, म्हणजे बुरशीला हवं ते सगळं मिळालं. शिवाय गेल्या वर्षीचंच रान. मला तुमच्या पिवळ्या रोपांत मरच जास्त संभवते, पण कंद कापून खात्री करा.

चौथा प्रकार वेगळा आहे आणि आपल्या भागात तो नजरेतून सुटतो. पानांची फक्त टोकं आणि कडा वाळून हस्तिदंती-भुरकट होतात, आणि वाळलेला भाग व हिरवा भाग यांच्यामध्ये एक बारीक गडद रेघ दिसते. हा फ्लोराइडचा चटका. ग्लॅडिओलस फ्लोराइडला इतका हळवा आहे की हवेतल्या फ्लोराइडचा माग काढण्यासाठी जगभर हेच झाड वापरलं गेलं. नदीकाठी वीटभट्ट्या पेटल्या की भाजणाऱ्या मातीतून फ्लोराइड बाहेर पडतं, आणि वाऱ्याच्या दिशेनं असलेल्या रानात टोकं करपतात. भट्टी जवळ असेल तर हे पीक लांबच्या तुकड्यात न्या. फवारणीनं हे बरं होत नाही. सुपर फॉस्फेटमध्येही फ्लोराइड असतं. चुनखडीच्या रानात कॅल्शियम ते बांधून ठेवतं म्हणून तुमच्याकडे फारशी चिंता नाही, पण पाटण-जावळीच्या आम्लधर्मी तांबड्या मातीत सुपरचा हात आखडता ठेवावा.

दुकानदाराचं म्हणणं पूर्ण चूक नाही, पण अर्धं आहे. कंदापासून वाढवलेलं वाण आपणहून बदलत नाही. खालावतं ते साठलेल्या रोगांनी, विशेषतः विषाणूंनी. घेवड्याचा पिवळा मोझॅक विषाणू आणि काकडीचा मोझॅक विषाणू हे दोन मुख्य. मावा एका रोपावरून दुसऱ्यावर ते नेतो आणि एकदा कंदात शिरले की पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पानावर फिकट-गडद रेघांची नक्षी आणि फुलाच्या पाकळीवर रंग तुटल्यासारखे पांढरट फराटे दिसले की समजावं. त्यावर औषध नाही, रोप उपटून जाळणं हाच उपाय. कोरेगाव तालुका वाघ्या घेवड्यासाठी नावाजलेला. बांधाला बांध लावून घेवडा असेल तर ग्लॅडिओलस तिथे लावू नका. काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो यांच्याही शेजारी नको. मधे मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी असल्या तर माव्याला थोडा अटकाव होतो.

आणखी एक गैरसमज जाता जाता. "पाच रंग आणले होते, तिसऱ्या वर्षी सगळे गुलाबी झाले, रंग बदलला," असं पुष्कळ जण सांगतात. रंग बदललेला नसतो. काही वाणं भरपूर पिल्लं देतात, काही मोजकीच. मिसळून ठेवले की जास्त विणारं वाण रान व्यापतं आणि नाजूक वाण मागे पडतं. वाणं वेगळी लावा, वेगळी काढा, वेगळ्या क्रेटमध्ये ठेवा, आणि क्रेटमध्ये नाव लिहिलेली पट्टी टाका. पेन्सिलनं लिहिलेलं पुसत नाही.

म्हणजे आतापर्यंतचा हिशोब असा: कंद कोवळा निघाला, चुकीच्या पद्धतीनं वाळला, तापलेल्या खोलीत राहिला आणि बहुधा रोग घेऊन जुन्याच रानात गेला. खत या साखळीत कुठेच पहिल्या क्रमांकावर नाही.

उभ्या पिकाचं आत्ता काय करायचं? वाकडी-पिवळी आणि मोझॅकची रोपं कंदासकट, भोवतालच्या मूठभर मातीसह काढा आणि रानाबाहेर जाळा. बांधावर टाकू नका, पाटात तर मुळीच नाही. युरिया थांबवा. सरीत पाणी साचत असेल तर चर काढून वाट द्या. उरलेल्या निरोगी रोपांना लिटरला २ ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे द्रावण मुळाशी ओतणं, एकदा दिली तर पसरण थोडी रोखली जाते. लागलेलं रोप त्यानं वाचत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. फुलकिड्यांवरही लक्ष ठेवा. पानांवर चंदेरी फराटे, त्यात बारीक काळे ठिपके आणि कळ्या न उमलता सुकणं ही त्यांची खूण. निळे चिकट सापळे लावा आणि गरज पडली तर फिप्रोनिल ५ टक्के हे कीटकनाशक लिटरला दीड ते दोन मिली, पण त्याआधी डब्यावरचं लेबल वाचूनच. हेच फुलकिडे कंदाच्या पापुद्र्याखाली लपून साठवणीत जातात आणि तिथे कंद चरत राहतात. असा कंद खरबरीत, चिकट आणि करडा होतो.

जी रोपं खरोखर चांगली दिसताहेत, त्यांना आत्ताच रंगीत सुतळी बांधा. पुढचं बियाणं त्यांचंच.

दांडा कापायची वेळ म्हणजे खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की. पूर्ण उमलेपर्यंत थांबलात तर वाहतुकीत पाकळ्या चुरतात. सकाळी लवकर कापा, खाली किमान चार पानं रोपावर राहिलीच पाहिजेत, पाच राहिली तर उत्तम. हा सगळ्या उत्तरातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा भाग आहे. दांडा दोन बोटं आखूड मिळतो म्हणून व्यापारी कुरकुर करतात, पण त्या चार पानांवर पुढचं वर्ष उभं असतं. कापलेले दांडे लगेच बादलीतल्या पाण्यात आणि उभेच ठेवा. आडवे ठेवले की शेंडे वर वळतात आणि दर पडतो. पुण्याला किंवा दादरला माल जाणार असेल तर गाडीतही उभा जाईल असा डबा बघा.

कापणीनंतर पाणी तोडू नका. इथेच बहुतेक जण पीक संपलं असं समजून ठिबक गुंडाळतात. हलकं, नियमित पाणी द्या आणि कापणीनंतर आठवड्याभरात दहा गुंठ्यांना ८ ते १० किलो सल्फेट ऑफ पोटॅश द्या. नत्र नको. दीड-दोन महिन्यांनी पानं पिवळी पडायला लागतात. तेव्हा पाणी बंद करा आणि दोन आठवडे रान सुकू द्या. काढणीची खूण पिल्लांवर बघा: पांढरी पिल्लं तपकिरी झाली की कंद पक्व झाला. पानं पार वाळेपर्यंत थांबू नका, नाहीतर तंतू तुटून पिल्लं मातीतच राहतात आणि पुढच्या पिकात तण म्हणून उगवतात.

कुदळीनं बाजूनं माती सैल करा आणि रोप पात्याला धरून उचला. ओढून काढू नका, मानेशी जखम होते आणि बुरशी तिथूनच शिरते. पात कंदाच्या जरा वर, एखादा सेंटिमीटर ठेवून कापा. कंद धुऊ नका, माती झटका. मग सुकवणी, आणि ती सावलीत. छपराखाली जाळीवर किंवा क्रेटमध्ये एकेरी थर, शक्य असेल तर पंखा. उन्हात दोन दिवस टाकले की वरून वाळल्यासारखे दिसतात, पण आत ओल राहते आणि एका बाजूनं भाजलेही जातात. सावलीत दोन-तीन आठवडे लागतात. सुकवणी पूर्ण झाली की जुना कंद अंगठ्याच्या दाबानं नव्यापासून स्वच्छ सुटतो, कट्‌कन आवाज येतो आणि खाली कोरडी, गोल, फिकट चकती दिसते. ओढावं लागलं, तंतू निघाले, तर अजून आठ दिवस थांबा. जुना कंद आणि मुळं जाळा. वरचे पापुद्रे मात्र काढू नका, तेच कंदाला सुकण्यापासून जपतात.

आता प्रत्येक कंद हातात घेऊन निवडा. डाग असलेला, मऊ, हलका, सगळे बाजूला. दया दाखवू नका, एक कुजका क्रेटभर पसरतो. निवडलेले कंद लिटरला २ ग्रॅम कार्बेन्डाझिम किंवा ३ ग्रॅम कॅप्टन घातलेल्या पाण्यात २० ते ३० मिनिटं बुडवा. हातमोजे घाला. द्रावण गढूळ झालं की बदला, नाहीतर औषधाऐवजी चिखलाची आंघोळ होते. काढून सावलीत पुरते कोरडे करा आणि मगच क्रेटमध्ये किंवा कांद्याच्या जाळीदार पिशवीत, वीतभरापेक्षा जाड थर न करता ठेवा. बारदान आणि प्लॅस्टिकचं पोतं दोन्ही टाळा.

साठवणीला तुमच्यासारख्यांना एक सोय जवळ आहे. तासगाव-सांगलीकडे बेदाण्याची शीतगृहं पुष्कळ आहेत. दहा गुंठ्यांचे पंधरा हजार कंद थोड्याच क्रेटमध्ये मावतात, तेव्हा दोघा-तिघांनी मिळून जागा घेतली तर भाडं जड जात नाही. ठेवण्याआधी खोलीचं तापमान विचारा. ३ ते ५ अंश हवं, शून्याच्या जवळ नको. हवा फार कोरडी असेल तर क्रेटवर वर्तमानपत्राचा एक थर टाका आणि महिन्यातून एकदा जाऊन चाळा. शीतगृह जमत नसेल तर पत्र्याची खोली सोडून कौलारू घरातली, उत्तरेकडची, हवेशीर खोली वापरा. ऑक्टोबरात काढलेले कंद तिथे फेब्रुवारीपर्यंत चांगले राहतात. एप्रिल-मे ओलांडायचा असेल तर मात्र शीतगृहाला पर्याय नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेर काढल्यावर आठ-दहा दिवस सावलीत ठेवून मगच लावा.

पुढची लागवड कधी? तुमच्या भागात मी सप्टेंबर-ऑक्टोबरला पहिली पसंती देतो. पाऊस सरलेला, जमीन निवत चाललेली, आणि फुलं डिसेंबर-जानेवारीत, लग्नसराईत. जूनची लागवड कोरेगाव, खटावला निचऱ्याच्या रानात जमते, पण महाबळेश्वर-जावळीच्या पावसात नाही. सांगलीकडे कृष्णाकाठच्या भारी आणि क्षारपड रानात तर पावसाळ्यात अजिबात करू नये. मिठाला हे पीक तग धरत नाही. सामू (पीएच) साडेसहा ते सातच्या दरम्यान आणि पाणी तासाभरात उतरणारी जमीन, एवढं जुळलं की निम्मं काम झालं.

रान नवं घ्या, आधी ज्वारी, मका किंवा गहू झालेलं असेल तर बरं. दहा गुंठ्यांना एक ट्रॉली पुरतं कुजलेलं शेणखत, त्यातल्या पन्नास किलोत एक किलो ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी मित्रबुरशी) मिसळून आठवडाभर ओलसर झाकून ठेवा आणि सरीत टाका. एक गोष्ट लक्षात ठेवा: कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्मालाही मारतं. कंद बुडवून लावणार असाल तर ट्रायकोडर्मा तीन आठवड्यांनी आळवणीतून द्या.

४५ बाय १५ सेंटिमीटरवर लावलं तर गुंठ्याला साधारण दीड हजार कंद बसतात. कंद ५ ते ७ सेंटिमीटर खोल, डोळा वर. हलक्या जमिनीत थोडा खोल, भारीत उथळ. हेक्टरी ३०० किलो नत्र, २०० स्फुरद, २०० पालाश या प्रमाणानं दहा गुंठ्यांना १२५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४० किलो सल्फेट ऑफ पोटॅश लागवडीवेळी द्या. पोटॅशमधले ८-१० किलो कापणीनंतरसाठी राखून ठेवा. युरिया एकूण ६५ किलोपर्यंत, तीन समान हप्त्यांत: दोन पानं, चार पानं आणि सहा पानं आल्यावर. ही कमाल समजा. ऊस किंवा हळदीचं खतवलेलं रान असेल तर माती तपासून कमी करा.

पानांच्या संख्येवर हप्ते का, तर दोन-तीन पानं दिसतात तेव्हाच आत दांडा घडायला सुरुवात होते. त्या वेळी पाण्याचा ताण पडला किंवा सावली आली तर दांडा आतच जिरतो आणि रोप वांझ राहतं. दोन ते सहा पानांच्या काळात वाफसा, म्हणजे जमिनीतली बेताची ओल, मोडू देऊ नका. चौथ्या-पाचव्या पानाला मातीची भर द्या म्हणजे दांडे लोळणार नाहीत. एका कंदातून तीन-चार कोंब आले तर एक-दोन ठेवून बाकीचे बोटानं मोडा.

शेवटी तुमचा मूळ प्रश्न, नवे घ्यायचे की घरचे. कापलेल्या कंदांत कूज दहात एकाहून जास्त निघाली, तर घरचे मोठे कंद सोडून द्या आणि ४ सेंटिमीटरवरचे, उंच डोक्याचे, शीतगृहातले नवे कंद घ्या. घेताना शंभरातले पाच समोर कापून दाखवायला सांगा. नकार दिला तर दुसरीकडे जा. वाण निवडताना बाजार विचारा. पांढऱ्यात व्हाइट प्रॉस्पेरिटी, पिवळ्यात समर सनशाइन आणि लाल-गुलाबीत अमेरिकन ब्यूटी ही नेहमी उचलली जाणारी नावं. राहुरी विद्यापीठाची फुले गणेश, फुले प्रेरणा, फुले तेजस ही वाणंही विचारात घ्या.

सुतळी बांधलेल्या रोपांची पिल्लं मात्र टाकू नका. मरीचा संसर्ग मोठ्या कंदापेक्षा पिल्लांत कमी असतो, म्हणून शुद्ध बियाणं परत उभं करायला तीच उपयोगी. विषाणूला मात्र हा नियम लागू नाही, म्हणून मोझॅकच्या रोपाची पिल्लं घेऊ नका. सुकवून, झोप सरल्यावर कडक कवच मऊ व्हायला एक दिवस पाण्यात भिजवा आणि वेगळ्या, नव्या वाफ्यात ३ ते ५ सेंटिमीटर खोल, दाट ओळीत पेरा. पहिल्या हंगामात गवतासारखी पात येईल, फूल येणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात लावणीजोगा कंद होतो. दोन गुंठे यासाठी राखलेत तर दर वर्षी बाहेरून आणावं लागणार नाही.

आधी वीस कंद उकरून उभे कापा, त्यांच्या बुडाचा आणि गाभ्याचा स्वच्छ उजेडात फोटो इथे टाका, आणि सोबत मातीचा सामू व शेजारी कोणतं पीक आहे ते लिहा. सप्टेंबर उजाडायच्या आत कळवलंत तर याच रब्बीची लागवड कुठल्या कंदांवर करायची ते नक्की ठरवता येईल.